काकडीचा पुतळा आणि पत्र्याचा पोलीस

संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत रशिया आला की लाल चौक, मेट्रो आणि सेंट पीटर्सबर्गचे राजवाडे. गाडी त्यापुढे सरकतच नाही. २०१८ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मॉस्कोला मुलीकडे गेलो होतो. राजवाडे आम्हीही पाहिले. पण आजही घरी विषय निघतो तो काकडीचा.

मी ओझरला मिगच्या कारखान्यात फिटर होतो. मॉस्कोहून र्‍याझानकडे निघालं की वाटेत लुखोवित्सी लागतं. तिथंही मिग बनतात, म्हणून जावयांना मुद्दाम थांबायला सांगितलं. विमान दिसेल म्हणून मान वर करून बसलो, तर समोर पिंपावर विराजमान झालेली काकडी! लुखोवित्सीला शहराचा दर्जा मिळून ५० वर्षं झाली तेव्हा, २००७ मध्ये, हे स्मारक बसवलं. त्यावरच्या अक्षरांचा अर्थ जावयांनी सांगितला: आम्हाला पोसणाऱ्या काकडीला, कृतज्ञ लुखोवित्सीकरांकडून. रशियनमध्ये काकडी पुल्लिंगी, त्यामुळे ती तिकडे घरातला कर्ता पुरुष ठरते.

तिथून थोडं पुढे रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या बादल्या मांडून एक आजी बसल्या होत्या. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. बादलीत खारवलेल्या काकड्या, सोबत लसूण आणि देठाफुलोऱ्यासकट शेपू. आजींनी चिमट्याने एक काकडी काढून हिच्या हातावर ठेवली आणि ती संपेपर्यंत नजर हलवली नाही. शेपूच्या भाजीला जन्मभर नाक मुरडणाऱ्या आमच्या मंडळींनी अख्खी बरणी विकत घेतली! शंभर रूबल.

याच रस्त्यावर एका वळणाला पोलिसांची गाडी दिसली आणि जावयांनी करकचून ब्रेक दाबला. जवळ गेल्यावर कळलं, गाडी नव्हेच, गाडीच्या आकाराचा रंगवलेला सपाट पत्रा. जावई म्हणाले, दर वेळी फसतो, कारण कधीतरी खरी असते.

र्‍याझानमध्ये डोळेवाल्या अळंब्यांचं शिल्प आहे. ‘आमच्या र्‍याझानच्या अळंब्यांना डोळे असतात, आपण खातो आणि त्या बघत बसतात,’ अशी तिकडची जुनी म्हण. बाहेरच्यांनी चेष्टेत म्हणावं अशी गोष्ट गावाने स्वतःहून चौकात मांडावी, हे मला फार आवडलं. आपल्याकडे कुठल्या गावाने आपल्यावरच्या म्हणीचा पुतळा केलाय?

व्होल्गाकाठच्या मिश्किन गावाचं नावच उंदरावरून. काठावर झोपलेल्या एका सरदाराच्या तोंडावरून उंदीर पळाला, त्याला जाग आली आणि शेजारचा साप दिसला, अशी कथा सांगतात. गावाच्या चिन्हावर उंदीर आहे, उंदरांचं संग्रहालयही आहे. ऐन गणपतीत आम्ही तिथं होतो. वाहन पाहून घेतलं, मूर्तीचं दर्शन व्हिडिओ कॉलवर.

शेवटी त्वेर. इथंही व्होल्गाच्या काठावर, नावेच्या आकाराच्या चौथऱ्यावर अफनासी निकितीन उभा आहे. हा पंधराव्या शतकातला व्यापारी. होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला पावसाळ्यात अडकून पडला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला. कुणीतरी मध्यस्थी केली तेव्हा परत मिळाला. घोडा तिथवर आणायला शंभर रूबल पडले, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. (आमच्या बरणीचा भाव आठवला.) पुतळा १९५५ चा. त्यामागचा किस्साही ऐकला: नेहरूंनी ख्रुश्चेव्हना विचारलं, निकितीनचा पुतळा आहे ना तुमच्याकडे? ते ‘आहे’ म्हणून मोकळे झाले आणि मग घाईघाईने बसवला. खरं-खोटं देव जाणे.

तिथं माहिती सांगणारी मुलगी आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर खुलली. तिला चौल माहीत होतं. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात निकितीनचा स्तंभ आहे, तो पाहिलात का, फोटो आहे का, असं तिने विचारलं. अलिबागला मी चार वेळा गेलोय. फोटो नव्हता. आपल्या पुरवणीत कधी छापलात तर कात्रण तिला पाठवीन.

– एक निवृत्त फिटर, ओझर (जि. नाशिक)