मनूला, गिटारबद्दल

प्रिय मनू,

फोनवर सांगितलं असतं पण तू हसली असतीस आणि मग माझं सांगायचं राहून गेलं असतं, म्हणून टाइप करतोय. गिटार झाली. म्हणजे झाली होती, मग परत उघडावी लागली, आता खरंच झाली.

सुरुवातीपासून सांगतो. ड्रॉइंग बघून मला वाटलं होतं की यात काय एवढं, तीस वर्षं टूलरूममध्ये मायक्रॉनमध्ये काम केलंय. पण लाकूड म्हणजे लोखंड नाही गं. जूनमध्ये स्प्रूस नावाच्या लाकडाची वरची फळी दोन तुकडे जोडून तयार केली, अडीच मिलिमीटरपर्यंत रंधा मारला, आणि जुलैच्या पावसात बघतो तर ती पापडासारखी वाकलेली. पावसात फुगलेल्या लाकडावर पट्ट्या चिकटवल्या तर हिवाळ्यात ते आकसून तडकणार, त्यामुळे सगळं लोखंडी कपाटात बल्ब लावून ठेवलं आणि दिवाळीपर्यंत हात लावला नाही. आर्द्रता 45-50 टक्क्यांवर आली की मगच सरस. तुझ्या आईच्या साड्या तोवर दिवाणात होत्या, त्यावर ती अजून बोलते.

शिसवाच्या बाजूच्या पट्ट्या दोन मिमीच्या, ओल्या करून तापलेल्या पाइपवर वाकवायच्या. पहिली कमरेशी कट्कन गेली. त्या रात्री मी नुसता बसून होतो. मग आंतोनियो दे तोर्रेसचं वाचलं, स्पेनचा, आजची क्लासिकल गिटार मुळात त्याच्या साच्यातली. त्याने 1862 मध्ये एक गिटार केली तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या, हे दाखवायला की आवाज वरच्या फळीत असतो. म्हटलं मग एका पट्टीसाठी काय रडायचं. दुसरी नीट वाकली. मानेला तूण वापरलं, मिरजेत सतारीच्या दांडीला वापरतात तेच. स्पॅनिश लोक मानेला जे सीडर वापरतात ते तुणाच्याच कुळातलं निघालं, मला उगाचच भारी वाटलं.

आतून पंख्यासारख्या सात पट्ट्या. त्या पटाशीने थोड्या थोड्या उतरवायच्या आणि बोटाने फळीवर टकटक करून कान लावायचा. हे काम मला सगळ्यात आवडलं आणि यातच सगळ्यात कमी कळलं. कुठे थांबायचं ते कुठल्याच ड्रॉइंगवर नसतं. आवाज ‘टक्’चा ‘डुम्’ झाला आणि मी घाबरून थांबलो, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. तारेची लांबी 650 मिमी. फ्रेटचं, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांचं, गणित माझ्या आवडीचं, उरलेली लांबी भागिले 17.817, म्हणजे पहिला फ्रेट 36.48 वर, बारावा बरोबर 325 वर. सगळं व्हर्नियरने मोजून. ब्रिज, म्हणजे फळीवर तारा जिथे अडकवतात तो तुकडा, तोसुद्धा अगदी 650 वर बसवला, केसाचाही फरक नाही. तारा चढवल्या, खुली तार ट्यूनरवर बरोबर, आणि बाराव्या फ्रेटला दाबली की सूर चढा. सहाही तारांना. दोन दिवस फ्रेट मोजत बसलो, फ्रेट बरोबरच होते! तार दाबली की ताणली जाते, म्हणून ब्रिजवरचं हाड साधारण दोन मिमी मागे घ्यायचं असतं, हे सुतारकामाच्या पोराला माहीत असेल पण मला नव्हतं. मी अचूक चुकलो होतो.

ब्रिज काढायला आईचं पातळ उलथनं गरम करून सरसाखाली हळूहळू सरकवलं, दीड तास लागला, सोबत स्प्रूसचे दोन-चार धागे निघाले. तिथे चपड्याच्या पॉलिशचा डाग दिसतो. उलथनं नवीन आणून दिलंय.

परवा परत तारा लावल्या. खालच्या सुराची जाड ई तार छान घुमते, वरच्या सुरांच्या तारा अजून नाकात बोलतात, वाजवून वाजवून मोकळ्या होतात म्हणे. मला तीनच कॉर्ड येतात आणि तेच वाजवतोय, शेजारचे काका काही बोलत नाहीत पण खिडकी लावतात.

आतमध्ये लेबल चिकटवायचं असतं, त्यावर फक्त साल घातलंय. नाव तू आल्यावर ठरवू.

मे महिन्यात येशील ना? उजव्या हाताची नखं कापू नकोस.

बाबा