कॉर्टिकोरेलिन चाचणीची सोय सोलापुरात हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या बहिणीचा चेहरा दोन वर्षांत गोल होत गेला, पोटावर जांभळे पट्टे उमटले आणि जेवायला खाली बसली की हात टेकल्याशिवाय तिला उठता येईना. तरीही एका दवाखान्यात ‘वजन कमी करा’ एवढेच सांगण्यात आले. पुढे निदान कुशिंग विकाराचे, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक प्रमाणाबाहेर वाढण्याच्या आजाराचे झाले.

कॉर्टिसॉल वाढल्याचे इतर तपासण्यांतून कळते. मात्र त्याचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीत आहे की अन्यत्र, यावर शस्त्रक्रिया कोठे करायची हे ठरते. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून स्रवणाऱ्या आणि पियुषिकेला चालना देणाऱ्या ४१ अमिनो आम्लांच्या संप्रेरकाची रचना शास्त्रज्ञ वायली व्हेल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये उलगडली; कॉर्टिकोरेलिन हे त्याचे कृत्रिम रूप. ते शिरेतून दिल्यावर ठरावीक अंतराने रक्त घेऊन एसीटीएच (मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणारे पियुषिकेचे संप्रेरक) आणि कॉर्टिसॉल मोजतात. पियुषिकेतील गाठ बहुधा प्रतिसाद देते. अधिवृक्क ग्रंथीतील किंवा फुप्फुसातील गाठ सहसा देत नाही. अर्थात, स्टिरॉइडची औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही हीच लक्षणे दिसतात, म्हणून त्याची चौकशी आधी व्हायला हवी.

या चाचणीसाठी आम्हाला पहाटेच्या गाडीने दोनदा पुणे गाठावे लागले. थकलेल्या रुग्णाला हा प्रवास फार जड जातो. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात अंतःस्रावी विकारांचा नियमित बाह्यरुग्ण विभाग चालावा आणि हे औषध मागणीनुसार मागवण्याची व्यवस्था व्हावी, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, सोलापूर