क्षमतेचा आकडा आणि साखळीची लांबी

महोदय,

चढासाठी सायकलला मागे मोठे चक्र बसवू पाहणाऱ्यांना ‘डिरेलरची (गिअर बदलताना साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या आणि तिचा सैलपणा ओढून घेणाऱ्या मागच्या यंत्रणेची) क्षमता पुरणार नाही’ असे सांगून सरसकट परतवले जाते, हे मला पटत नाही. लागणारी क्षमता म्हणजे पुढच्या मोठ्या-लहान चक्रांच्या दातांतील फरक आणि मागच्या मोठ्या-लहान चक्रांच्या दातांतील फरक यांची बेरीज. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ दाते असल्यास ती १६ अधिक २३, म्हणजे ३९ भरते. निर्मात्याने डिरेलरसाठी दिलेला कमाल आकडा थोडा ओलांडला, तरी साखळी दोन्ही मोठ्या चक्रांना पुरेल एवढी लांब ठेवल्यास, दोन्ही लहान चक्रांवर ती सैल लोंबेल इतकेच. ती जोडी तशीही सहसा कोणी वापरत नाही. साखळी आखूड ठेवणे मात्र खरोखर घातक, कारण चुकून दोन्ही मोठ्या चक्रांवर गिअर पडला, तर डिरेलरसकट हँगर (डिरेलर ज्याला जोडलेला असतो तो सायकलच्या सांगाड्यावरचा तुकडा) मोडू शकतो. सर्वांत मोठ्या चक्राची मर्यादा ही निराळी बाब आहे: वरची जॉकी चकती (डिरेलरमधली साखळी फिरवणारी छोटी चकती) चक्राला घासत असेल, तर बी-स्क्रू (हे अंतर कमी-जास्त करणारा डिरेलरचा स्क्रू) किंवा डिरेलर थोडा खाली आणणारी हँगरची जोडपट्टी उपयोगी पडते, पण त्यांनी क्षमता वाढत नाही, त्यासाठी साखळी ताणून धरणारा बाहू लांब असलेला डिरेलरच हवा. दुकानदारांनी नकार देण्यापूर्वी यांपैकी कोणती मर्यादा आड येते, ते ग्राहकाला सांगावे.

— एक सायकलस्वार