तुझी ट्रंक आता माळाची झाली

सोलापूर

प्रिय दत्त्या,

काय बे, आहेस का गेलास? हे फोनवर सांगितलं असतं तर मधेच शिव्या घातल्या असत्यास, म्हणून पत्र. तुझी हॉस्टेलची पत्र्याची ट्रंक मी रंगवली. झाकणावरचं तुझं नाव गेलं. आता तिच्यात दुर्बीण, कॅमेरा आणि कडक भाकरी-शेंगाचटणी भरून मी नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पाखरं बघायला जातो.

बाजारात कॅमोफ्लाज, म्हणजे लपायचा रंग, म्हणून मिळतं ते सगळं हिरवंगार. आपला माळ हिरवा असतो कधी? पाऊस सरला की गवत पिवळं पडतं, मग उन्हाळाभर नुसतं कुसळ आणि मुरूम. त्यात हिरवी पेटी म्हणजे मयताला आलेला बँडवाला. शिवाय पाखरांना रंग आपल्यापेक्षा जास्त कळतात.

म्हणून मूठभर वाळलं गवत, मुरमाचा खडा आणि काळ्या मातीचं ढेकूळ घेऊन थेट रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार चकचकीत ऑइलपेंटच गळ्यात मारायला बघत होता. अरे बाबा, चकाकीच तर मारायचीय! शेवटी मॅटचे तीन स्प्रे मिळाले. तीन रंग पुरे. बारीक ठिपके आणि पाच-सहा रंग केले की लांबून सगळ्याचा मिळून एकच मळकट रंग दिसतो.

गंज काचकागदाने घासला, रेड ऑक्साइड मारला, तो वाळल्यावर अंगभर गवताचा फिकट रंग दिला. खरी गंमत पुढे. शेजारच्या गोठ्यातून कडबा आणला, ज्वारीची वाळकी पानं ट्रंकेवर आडवीतिडवी टाकली आणि वीतभर अंतरावरून तपकिरी फवारला. पानं उचलली तर खाली पानांच्याच फिकट रेघा, टोकाला निमुळत्या, मधेच मुरडलेल्या. पान पत्र्याला टेकलं होतं तिथे कड धारदार, उचललेलं होतं तिथे धुरकट. ब्रशने हे बापजन्मात जमलं नसतं. आई गच्चीवर आली आणि म्हणाली, "पेटीला बुरशी लागली का रे?"

मुरमाच्या रंगाचे पट्टे मात्र मोठे घेतले, आणि झाकणावरून फट ओलांडून खाली अंगावर उतरवले. डोळा वस्तू कडेवरून ओळखतो. कड मोडली की पेटी पेटीसारखी दिसत नाही. झाकण गडद, बुडाकडे फिकट. ऊन वरून पडतं, खाली सावली येते. रंग उलटा दिला की दोन्ही एकमेकांना खातात आणि वस्तू सपाट भासते. माळढोकाची पाठ तपकिरी आणि पोट पांढरं असतं, ते आठव. अ‍ॅबट थेअर नावाच्या अमेरिकी चित्रकाराने हे १८९६ मध्ये मांडलं होतं. पुढे १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने तोफा लपवायला चित्रकारांची तुकडीच उभी केली. आपल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनाही तिथे नोकरी लागली असती!

आपल्या सैन्याची नक्षी मात्र उचलली नाही. २०२२ मध्ये आलेला तो नवा गणवेश त्यांनाच शोभतो.

ट्रंक गवतात ठेवून पन्नास पावलं मागे आलो की मलाच ती शोधावी लागते. पण आपण जरा हललो की टिटवी बोंब मारतेच. तिच्यापुढे रंगाचं काही चालत नाही.

गड्ड्याची जत्रा उठायच्या आत ये. भोवत्या, म्हणजे हिवाळ्यातले ते पाहुणे शिकारी पक्षी, आलेत. आणि ते लाल जर्किन पुण्यातच ठेव, काय?

तुझा,
अव्या