बेरीज एक, कागद दोन जातींचा

महोदय,

अमेरिकेला कागद पुरवण्यात कॅनडा पुढे की चीन, याविषयीचा आपल्या अर्थविषयक पानावरचा लेख आणि सोबतचा तक्ता वाचला. आकडे चुकीचे आहेत असे माझे म्हणणे नाही. पण दोन देशांची डॉलरमधली बेरीज शेजारी शेजारी ठेवून शर्यत लावली, की खरा व्यवहार दिसेनासा होतो.

सीमाशुल्काच्या जागतिक वर्गीकरणात लगदा ४७व्या प्रकरणात येतो, तर कागद, पुठ्ठा आणि त्यांच्या वस्तू ४८व्यात. तक्ता फक्त ४८व्याचा असेल, तर कॅनडाच्या खात्यातला लगदा परस्पर गळतो. आणि अमेरिकेतले टिश्यूचे कारखाने तर त्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. शिवाय ४८व्या प्रकरणातही शेकडो किलोचे वर्तमानपत्री कागदाचे रीळ आणि दोरीचे बंद लावलेली भेटवस्तूची पिशवी एकाच रांगेत बसतात. कॅनडाचा भर रिळांवर, म्हणजे पुढच्या कारखान्याच्या मालावर. चीनचा भर वह्या, पाकिटे, पिशव्या, खोकी अशा तयार वस्तूंवर, ज्यांच्या किमतीत कापणे, चिकटवणे, छापणे ही सगळी मजुरी आलेली असते. डॉलरसोबत टनही छापले असते, तर चित्र बरेच वेगळे दिसले असते.

शुल्क लागल्यावर बोंब कोण मारतो, यातही हा फरक दिसतो. २०१८च्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यातल्या एका गिरणीच्या तक्रारीवरून अमेरिकेने कॅनडाच्या वर्तमानपत्री कागदावर तात्पुरते शुल्क बसवले. विरोधात उभी राहिली ती अमेरिकेचीच वर्तमानपत्रे! कोणी पाने कमी केली, कोणी माणसे. अखेर ऑगस्टमध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने देशी उद्योगाला हानी झालेली नाही, असा ५-० असा कौल दिला आणि शुल्क गेले. चिनी मालाच्या वाट्याला असा वकील आला नाही. रेघी वह्यांवर २००६मध्ये डम्पिंगविरोधी (म्हणजे रास्त भावापेक्षा स्वस्तात माल ओतण्याविरुद्धचे) शुल्क लागले (त्यात भारत आणि इंडोनेशियाही होते), चकचकीत छपाईच्या कागदावर २०१०मध्ये. वही घेणारा गिऱ्हाईक विखुरलेला असतो. रीळ घेणाऱ्याच्या हातात छापखाना असतो. कॅनडाच्या रिळांची मागणी पुढे आटली ती वाचक पडद्याकडे वळल्यामुळे, चीनने बाजार हिसकावल्यामुळे नव्हे. नुसत्या बेरजेवरून मात्र तसा समज सहज होतो.

आणखी एक गोष्ट त्या तक्त्यात येणे शक्यच नव्हते. चीनहून टोस्टर येतो तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून. नेहमीचे वेष्टन आतल्या वस्तूबरोबरच मोजण्याचा नियम असल्याने ते खोके टोस्टरच्या किमतीत जाते, कागदाच्या निर्यातीत नाही. असा किती पुठ्ठा न मोजता अमेरिकेत उतरत असेल! वर्षानुवर्षे हाच पुठ्ठा रद्दी होऊन रिकाम्या परतणाऱ्या कंटेनरमधून स्वस्त भाड्यात चीनला जाई आणि तिथे पुन्हा खोकी होत. चिनी उद्योजिका झांग यिन यांचा ‘नाइन ड्रॅगन्स’ हा बलाढ्य कागद उद्योग उभा राहिला तो या अमेरिकी रद्दीवर.

२०१८मध्ये चीनने वर्गवारी न केलेली रद्दी नाकारली, २०२१पासून तर टाकाऊ घनकचऱ्याची आयातच बंद केली. रद्दी येईना म्हणताना नाइन ड्रॅगन्सनेच २०१८मध्ये अमेरिकेत रमफोर्ड आणि बायरन इथल्या गिरण्या विकत घेतल्या, त्याही एका कॅनेडियन कंपनीकडून. आता त्या गिरण्यांचा अमेरिकेत विकला जाणारा कागद ना कॅनडाच्या रकान्यात, ना चीनच्या.

पुढच्या वेळी निदान लगदा, रीळ आणि तयार वस्तू असे तीन वेगळे रकाने करावेत आणि प्रत्येकापुढे वजनही द्यावे, ही विनंती.

– एक नियमित वाचक