गायतोंडे यांचे एक तरी चित्र नागपुरात आणा

महोदय,

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी आपल्या नागपुरात झाला, हे मी चित्रकला शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणारी मुले लगेच विचारायची, "सर, त्यांचे चित्र कुठे बघायला मिळेल?" मी म्हणायचो, दिल्लीला नाहीतर मुंबईला. मग मोबाइलवर चित्र दाखवायचो. मुलांना त्यात नुसता पिवळा रंग दिसे आणि ती गप्प बसत.

निवृत्तीनंतर दिल्लीला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या एका कॅनव्हाससमोर उभा राहिलो, तेव्हा त्या मुलांचे चुकले नव्हते हे कळले. रोलर आणि नाइफने चढवलेले रंगाचे थर एकाखालून एक डोकावत होते. दोन पावले डावीकडे सरकलो, तर मघाशी सपाट वाटलेल्या जागी खरवडल्याची बारीक रेघ उजेडात आली. मोबाइलच्या पडद्यावर यातले काहीही उमटत नाही.

हे संग्रहालय २९ मार्च १९५४ रोजी जयपूर हाउसमध्ये सुरू झाले. उद्घाटन तेव्हाचे उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी केले, पंडित नेहरूही हजर होते. पहिले क्युरेटर हर्मन गोएट्झ हे जर्मन कलाइतिहासकार. अमृता शेरगिलच्या चित्रांनी संग्रहाचा पाया घातला. अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात तिने केलेले इतके काम एका छपराखाली पाहताना माझा घसा दाटून आला. रवींद्रनाथ, नंदलाल बोस, जामिनी रॉय आहेतच. आज संग्रहात सतरा हजारांच्या आसपास कलाकृती आहेत. त्यातल्या भिंतीवर एका वेळी लागतात त्या थोड्या, बाकीच्या कोठारात असतात.

मुंबईची शाखा १९९६ मध्ये आली, बंगळुरूची २००९ मध्ये. नागपूरहून मुंबई आठशे किलोमीटरच्या पुढे, दिल्ली हजाराच्या पुढे. नागपूरच्या महाल भागातल्या किंवा उत्तर नागपुरातल्या मुलाने तिकडे जायचे कसे? आणि या शहराचे कलेशी नाते आजचे नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ पासून चार वर्षे इथल्याच कलाशाळेत शिकले, मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. अजब बंगला, म्हणजे इथले मध्यवर्ती संग्रहालय, तर १८६३ पासूनचे आहे.

नवी इमारत मागत नाही. वर्षातून एकदा पंधरा-वीस मूळ चित्रे महिनाभर इथे आणावीत, एवढेच मागणे आहे. सिव्हिल लाइन्समधले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि दिल्लीचे संग्रहालय, दोन्ही केंद्राच्या एकाच सांस्कृतिक मंत्रालयाखाली येतात. विमा, पहारा आणि दालनातले तापमान-आर्द्रता यांची तजवीज लागेल, ती व्हायलाच हवी. आपला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा चित्रांना सोसणार नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारी बरा.

विदर्भातल्या खासदारांनी हा विषय मंत्रालयाकडे न्यावा आणि पहिल्याच खेपेत गायतोंडे व रझा या दोघांचे निदान एकेक चित्र असावे, ही कळकळीची विनंती. मुलांना घेऊन येण्याचे आणि चित्रांसमोर बसवून समजावण्याचे काम माझ्यासारखे निवृत्त शिक्षक आनंदाने करतील.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक, नागपूर