पुस्तकांचा खर्च आणि संघातली जागा

कमिंग, जॉर्जिया
११ जानेवारी २०२६

चि. गार्गीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कॉलेजचा विषय जेवणाच्या टेबलावर निघाला की बाबा आकडे काढतात, तू गप्प होतेस आणि मी ताटे उचलायला उठते, म्हणून हे सगळे लिहूनच द्यायचे ठरवले. मराठी शाळा सुटल्यापासून एवढे मराठी तू एका दमात वाचलेले नसेल, तेव्हा दोन बैठकींत वाचलेस तरी चालेल. मात्र मंगळवारी कोचना फोन करण्याआधी वाच.

तुझ्यापुढे तीन प्रस्ताव आहेत. आपल्याच राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठाने, ज्याचा सॉफ्टबॉल संघ डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या सगळ्यांत वरच्या गटात खेळतो, तुला संघात जागा आणि पहिल्या वर्षी पुस्तकांचा खर्च देऊ केला आहे. साउथ कॅरोलायनातले खासगी कॉलेज एकूण खर्चाच्या ४० टक्के देते आहे. उत्तर जॉर्जियातल्या डोंगरातले डिव्हिजन दोनचे सरकारी कॉलेज वसतिगृहाचा निम्मा खर्च उचलायला तयार आहे. चाळीस टक्के हा आकडा ऐकून तू खुलली होतीस, आणि पुस्तकांच्या खर्चाचे ऐकल्यावर म्हणालीस की त्यांच्या लेखी माझी किंमत तेवढीच. तुझे हे म्हणणे मला पटलेले नाही. न पटण्याचे कारण आईची माया हे नाही. कोच हिशेब कसा करतात ते पाहिले की हा आकडा तुझ्या खेळाबद्दल फार थोडे सांगतो, हे लक्षात येते.

परवापर्यंत डिव्हिजन एकच्या सॉफ्टबॉल संघाला जास्तीत जास्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, आणि संघात मुली असत वीसच्या वर. त्यामुळे प्रत्येक कोच त्या बाराचे तुकडे करी: कोणाला साठ टक्के, कोणाला पंचवीस, कोणाला काहीच नाही. सगळ्यांत मोठा तुकडा चेंडू टाकणाऱ्या पिचरचा, त्यानंतर तो झेलणारी कॅचर आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसमध्ये उभी राहणारी शॉर्टस्टॉप यांचा. सेकंड बेसला सहसा कोणी वेगळे पैसे मोजत नाही, कारण कोच दोन शॉर्टस्टॉप आणतात आणि त्यांतल्या एकीला सेकंडवर उभे करतात. तू सेकंड बेस खेळतेस ही त्या हिशेबातली पहिली वजाबाकी. दुसरी वजाबाकी अशी की तू जॉर्जियाची आहेस आणि तुला मार्क चांगले आहेत.

गव्हर्नर झेल मिलर यांनी १९९३ साली लॉटरीच्या उत्पन्नातून होप शिष्यवृत्ती सुरू केली, आणि पुढे २०११ साली त्यांच्याच नावाची वरची पायरी तिला जोडली गेली. त्या झेल मिलर शिष्यवृत्तीत, शाळेत ३.७ जीपीए (सरासरी गुणांक) आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेला एका बैठकीत १२०० गुण मिळवणाऱ्या मुलीची सरकारी कॉलेजातली ट्यूशन राज्य भरते. तुझा जीपीए त्यात बसतो. एसएटीचे वीस गुण तेवढे कमी पडले आहेत, पण सध्या साध्या होपमध्येही पूर्ण ट्यूशन मिळते. आता कोचच्या जागी बसून पाहा. तुझ्या शिक्षणाचा मोठा खर्च राज्याने आधीच उचललेला आहे, आणि अभ्यासावर मिळणारी अशी मदत २०२० पासून संघाच्या शिष्यवृत्तीच्या मर्यादेत मोजली जात नाही. तुला पंचवीस टक्के दिले काय आणि पुस्तकांचे पैसे दिले काय, तू घरापासून दोन तासांवरच्या चांगल्या विद्यापीठात येण्याचा संभव जवळपास तितकाच. तेच पंचवीस टक्के ओहायोच्या पिचरपुढे ठेवले तर तिचे येणे न येणे त्यावर ठरते, कारण तिला परराज्याची फी भरायची असते. त्या जागी मी असते तरी पैसे ओहायोलाच पाठवले असते.

मात्र कोचच्या दृष्टीने तुला स्वस्त करणारी हीच गोष्ट तुझ्या दृष्टीने फार मोलाची आहे. खेळाची शिष्यवृत्ती कोचच्या हातातली असते. बहुतेक ठिकाणी ती एका वर्षाची असते आणि दरवर्षी नव्याने मंजूर व्हावी लागते. कोच बदलले, गुडघ्याचा लिगामेंट फाटला, कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या पोर्टलमधून तुझ्याच जागेवर खेळणारी अनुभवी मुलगी आली, की ती रक्कम पुढच्या वर्षी किती राहील हे तुझ्या हातात नसते. झेल मिलरचे पैसे तुझ्या अभ्यासाचे आहेत. संघ सोडलास तरी ते थांबत नाहीत आणि जॉर्जियातल्या दुसऱ्या सरकारी कॉलेजात गेलीस तर तिथेही तुझ्याबरोबर येतात. राज्याची सीमा ओलांडली की मात्र ते संपतात, आणि चाळीस टक्क्यांच्या प्रस्तावात नेमके हेच लपलेले आहे.

त्या खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च ६२,००० डॉलर आहे. चाळीस टक्के वजा केले तर ३७,२०० आपण भरायचे, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अभ्यासाची सवलत त्या चाळीसमध्येच धरलेली आहे. इथल्या डिव्हिजन एकच्या विद्यापीठात ट्यूशन राज्याकडून गेली की राहणे, जेवण आणि इतर फी मिळून साधारण १८,००० उरतात. डोंगरातल्या कॉलेजात वसतिगृहाची सवलत धरून साडेअकरा हजारांच्या आसपास. म्हणजे सगळ्यांत मोठी टक्केवारी देणारे कॉलेजच सगळ्यांत महाग पडते, आणि डोंगरातल्या कॉलेजाशी तुलना केली तर चार वर्षांत हा फरक लाख डॉलरच्या घरात जातो. आम्ही ते पैसे उभे करू शकणार नाही असे नाही. पण आकड्याच्या मानासाठी ते खर्च करावेत असे मला वाटत नाही. तुला नर्सिंग करायचे आहे आणि पुढे बहुधा मास्टर्सही, तेव्हा त्या पैशांना काम आहे.

एक गोष्ट जाता जाता. होपसाठी अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डसारखी कायम वास्तव्याची परवानगी लागते. मंडळातल्या तुझ्या मैत्रिणींपैकी ज्या एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर आहेत, त्यांनी याच शाळांत तुझ्याइतकेच मार्क मिळवूनही त्यांना यातले काही मिळणार नाही. त्यांच्यासमोर पुस्तकांच्या खर्चाची तक्रार करू नकोस.

आता संघातल्या जागेविषयी, कारण माझी खरी काळजी पैशांपेक्षा तिथे आहे. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देण्याविषयीच्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांपुरती बारा शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली. तिच्या जागी संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू हा नियम आला; त्या पंचविसांतल्या कितीही जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. बाराच्या पंचवीस झाल्या हे ऐकायला छान वाटते. पण परवानगी मिळाली म्हणून पैसे येत नाहीत, आणि विद्यापीठांनी खेळाडूंना उत्पन्नातला वाटा द्यायला सुरुवात केल्यापासून त्या पैशांवर पहिला हक्क फुटबॉलचा आणि बास्केटबॉलचा आहे. तुझ्यासारखीला जाणवणारा बदल वेगळा आहे. पूर्वी मोठ्या संघांत राज्यातल्या दोन-चार जास्तीच्या मुली विनाशिष्यवृत्ती राहू शकत, सराव करत, एखादीला तिसऱ्या वर्षी संधीही मिळे. आता सव्विसाव्या मुलीला जागाच नाही. त्यातच २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा कॉलेज बदलता येते, त्यामुळे बावीस वर्षांची तयार खेळाडू मिळत असताना अठरा वर्षांच्या मुलीसाठी थांबण्याचे कारण कोचला उरलेले नाही. नायजरी कॅनेडी २०२४ साली स्टॅनफर्डहून टेक्सस टेकला गेली तेव्हा दहा लाख डॉलरहून मोठ्या कराराची बातमी तू मला उत्साहाने वाचून दाखवली होतीस. पोर्टलने तिचे भले केले. पण प्रत्येक बदलीबरोबर कुठल्या तरी संघातली एक जागा भरते, तीही लक्षात घे.

म्हणून डिव्हिजन एकच्या विद्यापीठाच्या कोचना, त्या म्हणतात ती खात्रीची जागा म्हणजे नक्की काय, हे स्पष्ट विचार. शरदातला सराव संपून संघ पंचवीसवर आणतील तेव्हा त्यांत तू असशील का? दुसऱ्या वर्षीही? पैसे न गुंतवलेल्या खेळाडूला काढताना कोचचे काही जात नाही, हे कटू वाटले तरी खरे आहे. पुस्तकांच्या खर्चातला मला खुपणारा भाग तेवढाच. आणि त्यांच्या उत्तराआधी तू स्वतः एक काम कर. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे संघ असतात. २०२२ साली पहिल्या वर्षात असलेल्या जॉर्जियाच्या मुली शोध आणि त्यांतल्या किती २०२५ च्या संघात आहेत ते बघ. शिवाय यंदाच्या इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसांभोवती खेळणाऱ्या मुलींत, दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या किती, तेही. शनिवारी सकाळी तासाभरात होईल.

डिव्हिजन दोनबद्दल तुझ्या मनात जी अढी आहे ती ट्रॅव्हल बॉलच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब संघांच्या पालकांनी घातलेली आहे, असे मला वाटते. तिथे ज्याच्या त्याच्या तोंडी डी-वनच असते. डिव्हिजन दोनच्या संघांना एकूण ७.२ शिष्यवृत्त्याच देता येतात, त्यामुळे राज्याची मदत घेऊन येणारी मुलगी त्यांना सोयीची म्हणून नव्हे, गरजेची म्हणून हवी असते. आपल्या राज्यातली ही कॉलेजे लेचीपेची नाहीत. व्हाल्डोस्टा स्टेटने २०१२ साली आणि नॉर्थ जॉर्जियाने २०१५ साली डिव्हिजन दोनचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले आहे.

आणि मला वूडस्टॉकच्या ट्विन क्रीक्सवरची ती दुपार आठवते. विद्यापीठाच्या असिस्टंट कोच आल्या होत्या, पण समोरच्या संघाची पिचर बदलली तशा त्या रडार गन पिशवीत घालून दुसऱ्या मैदानाकडे गेल्या. डोंगरातल्या कॉलेजच्या कोच तिसऱ्या बेसमागच्या जाळीजवळ घडीच्या खुर्चीत बसून राहिल्या. तू उजवा पाय किंचित मागे घेऊन डावा पुढे टाकलास आणि चेंडू शॉर्टस्टॉपकडे दाबलास, तेव्हा बॅटचा आवाज होताच त्यांनी स्टॉपवॉच दाबले आणि तू पहिला बेस ओलांडल्यावर थांबवले. २.८ सेकंद. तू आउट होतीस. तरी त्यांनी वहीत लिहिले. पुढच्या डावात शॉर्टस्टॉप दोन पावले पुढे येऊन उभी राहिली आणि तू चेंडू तिच्या डोक्यावरून काढलास, तेव्हा त्या वहीत न लिहिता हसल्या. तुला काय येते हे ज्यांना कळले आहे अशा कोच मला तिन्ही कॉलेजांच्या कोचांत त्या एकट्याच वाटल्या.

जळगावला मी शाळेकडून सॉफ्टबॉल खेळले त्या काळी खेळातून मिळायचे ते दहावीचे वाढीव गुण, आणि कोणी पुढे फार चमकली तर खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. अठराव्या वर्षी आपल्या खेळाचा भाव आपणच ऐकायचा, ही पाळी आमच्यावर आली नाही. त्यामुळे तुला काय वाटत असेल ते मला पूर्ण कळते असा दावा मी करत नाही.

नर्सिंगचे मात्र तिन्ही ठिकाणी विचार, आणि कोचना एकदा, नर्सिंग विभागात एकदा, असे दोनदा विचार. तिसऱ्या वर्षापासून रुग्णालयातली क्लिनिकल्स सुरू होतात, ती पहाटेची किंवा दिवसभराची असतात आणि वसंतात नेमक्या सामन्यांच्या दिवसांत येतात. सध्या संघात नर्सिंग करणारी मुलगी आहे का, आणि असेल तर तिच्याशी बोलता येईल का, एवढे विचारलेस की पुढचे आपोआप कळेल. झेल मिलर टिकवायला कॉलेजात ३.३ जीपीए लागतो, तो घसरला तर होप आणि तिच्यासाठी ३.०. सध्या होपमध्येही सरकारी कॉलेजांची पूर्ण ट्यूशन मिळते, पण ते राज्याच्या दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर आहे. म्हणून मार्चच्या एसएटीला ते वीस गुण मिळवच. वसंतातली एखादी टूर्नामेंट त्यासाठी बुडली तर बुडू दे, संघाशी मी बोलेन.

आणखी एक. आत्ता जे काही ठरेल ते तोंडी असेल. पूर्वीचे नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले. आता बांधून ठेवणारा कागद म्हणजे कॉलेजने दिलेला आर्थिक मदतीचा करार, आणि तुझ्या वर्गाच्या सह्या येत्या नोव्हेंबरात होतील. तोवर त्यांचा शब्द त्यांना मोडता येतो आणि तुझा तुला. म्हणून कोणी आठवड्यात उत्तर द्या म्हणून घाई केली तर गोंधळू नकोस; सभ्यपणे दोन आठवडे माग, आणि जे कबूल केले आहे ते ईमेलवर पाठवायला सांग.

माझे मत विचारशील तर कॅरोलायनाला नकार कळव, आभार मानून आणि लवकर, म्हणजे त्यांचे पैसे दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील. उरलेल्या दोघांत मी डोंगराकडे झुकते, कारण तिथे तू पहिल्या वर्षापासून मैदानात असशील. बाबांचे मत विद्यापीठाचे आहे. त्यांच्या मते तिथली नर्सिंगची पदवी खेळापेक्षा जास्त वर्षे चालेल, आणि हे मला खोडता आलेले नाही. विद्यापीठाच्या कोचनी पंचवीसमधली जागा दोन वर्षांसाठी लेखी कबूल केली तर मी माझा आग्रह सोडीन. नाही केली, आणि तरीही तुला तिथेच जायचे असेल, तर संघात नसतानाही त्या विद्यापीठात राहायला आवडेल का, ते आधी स्वतःशी ठरव आणि मग आम्हाला सांग.

उत्तर लिहून दे किंवा तोंडी, इंग्रजीत दिलेस तरी माझी हरकत नाही. फक्त मंगळवारच्या आत दे.

तुझी,
आई